रस्ता, चिखल, डोंगर आणि ट्रॅक : एकाच सायकलपटूने वर्षभराच्या शर्यती कशा निवडाव्यात?

वळणवाट

नमस्कार. माझी मुलगी १७ वर्षांची आहे. गेली चार वर्षे ती माउंटन बाइकच्या क्रॉस-कंट्री (डोंगरातल्या कच्च्या वाटांवरच्या) शर्यती खेळते आहे आणि दीड वर्षापासून रस्त्यावरच्या शर्यतींतही उतरते आहे. दोन्हींत तिला गती आहे असे तिचे दोन्ही प्रशिक्षक सांगतात, आणि पेच नेमका तिथेच आहे. या हंगामात पाच टप्प्यांची एक रोड रेस संपल्यावर अवघ्या नऊ दिवसांनी माउंटन बाइकची निवड चाचणी येते. रस्त्यावरचे प्रशिक्षक म्हणतात की आता काय ते एक ठरवून टाका, दोन डगरींवर पाय ठेवून कोणी पुढे जात नाही. डोंगरातल्या प्रशिक्षकांचे म्हणणे असे की त्या टप्प्यांनी तिचा दम नक्की वाढेल, पण नऊ दिवसांत पाय पुन्हा हलके होतील याची हमी ते देणार नाहीत. मुलीने मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक शर्यत निळ्या आणि दुसरी हिरव्या पेन्सिलीने रंगवून टाकली आहे, आणि मी काही बोलायला गेले की तिचा एकच प्रश्न असतो : "मग पिडकॉकला कसे जमते?" (टॉम पिडकॉक हा ब्रिटनचा सायकलपटू रस्ता, चिखल आणि डोंगर अशा तिन्ही प्रकारांत खेळतो.)

तिला उडवून लावावे असा हा प्रश्न नाही, म्हणून गेले काही दिवस मी वाचत आणि जुन्या शर्यती पाहत बसले आहे. त्यातून गोंधळ वाढलाच. २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या मात्यू व्हान डर पूलने टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या रस्त्यावरच्या शर्यतीत सहा दिवस आघाडीवीराची पिवळी जर्सी घातली, नवव्या टप्प्याआधी तो ऑलिंपिकच्या माउंटन बाइक शर्यतीसाठी घरी परतला, आणि टोकियोत पहिल्याच फेरीत पडून त्याची शर्यत हातची गेली. २०२४ मध्ये टॉम पिडकॉकने कोविडमुळे टूर अर्धवट सोडली आणि १६ दिवसांनी त्याच प्रकारात ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. मी तारखा मोजून पाहिल्या तेव्हा कळले की व्हान डर पूलच्या हाती २२ दिवस होते, म्हणजे पिडकॉकपेक्षा जास्तच. मग दिवस मोजून काही हाती लागते का?

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. इतक्या वेगवेगळ्या प्रकारांत उतरणारे हे व्यावसायिक सायकलपटू आपले वर्ष कशाच्या आधारावर आखतात, एका प्रकाराचा दुसऱ्याला खरोखर किती उपयोग होतो, आणि या सगळ्याची किंमत शरीर कुठे मोजते. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिले तर मी आभारी राहीन.

चढउतार

ताई, तुमच्या मुलीचा प्रश्न योग्य आहे, आणि तिला गप्प न करता तुम्ही तो इथे मांडलात हे मला फार आवडले. मी बरीच वर्षे तरुण सायकलपटूंना शिकवतो आहे आणि त्यांतले काही दोन प्रकारांत खेळतात, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आपण बाहेरून पाहणारे लोक अशा खेळाडूने काय काय खेळले तेवढे मोजतो, तर त्याचा प्रशिक्षक आधी काय खेळायचे नाही ते ठरवतो. व्हान डर पूलचा २०२३-२४ चा हिवाळा घ्या. त्या हंगामात तो सायक्लोक्रॉसच्या, म्हणजे हिवाळ्यात चिखलातून होणाऱ्या, १४ शर्यतींत उतरला आणि त्यांतल्या १३ त्याने जिंकल्या. शेवटची होती ४ फेब्रुवारीची चेकियातल्या ताबोरची जागतिक स्पर्धा. त्यानंतर तो रस्त्यावर पहिल्यांदा दिसला तो १६ मार्चला, मिलान–सान रेमो या इटलीतल्या एकदिवसीय शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर. मधले ४० दिवस त्याने पाठीवर क्रमांक लावलाच नाही. इतर सगळे त्या काळात छोट्या-मोठ्या शर्यतींतून पाय मोकळे करत होते. मार्चच्या शेवटच्या दिवशी त्याने बेल्जियममधली फ्लँडर्सची शर्यत जिंकली आणि पुढच्या रविवारी फ्रान्समधली पॅरिस–रुबे, तीही सुमारे ६० किलोमीटर एकट्याने पुढे राहून. तुमच्या मुलीला त्या वर्षाचे कॅलेंडर रंगवायला सांगा आणि मग फेब्रुवारी–मार्चमधल्या त्या कोऱ्या चौकोनांवर बोट ठेवा. मधल्या दीड महिन्यात हिवाळ्याचा वेग अंगात मुरला आणि वसंतातल्या लांब शर्यतींसाठी लागणारा सराव झाला.

पिडकॉकचेही तेच. २०२२ च्या जानेवारीत तो सायक्लोक्रॉसचा जगज्जेता झाला होता. पुढच्या वर्षी ते विजेतेपद राखायला तो गेलाच नाही, कारण त्याला रस्त्यावरच्या वसंत हंगामाची तयारी करायची होती. जगज्जेत्याची इंद्रधनुषी जर्सी अंगावर असताना ती न लढता सोडून द्यायची ही लहान गोष्ट नव्हे. सायकलपटूंना ती जर्सी आयुष्यात एकदा मिळाली तरी धन्य वाटते. महिन्याभराने, ४ मार्च २०२३ रोजी, त्याने इटलीतली स्त्रादे ब्यांके जिंकली. ती रस्त्यावरची शर्यत असली तरी तिचे बरेच अंतर पांढऱ्या खडीच्या वाटांवरून जाते, आणि अशा वाटेवर मागचे चाक सरकले तरी हात न आखडता सायकल चालवत राहण्याची सवय त्याला चिखलातूनच लागलेली होती.

आता उपयोगाचे बोलू. पुरुषांची सायक्लोक्रॉस शर्यत साधारण तासाभराची असते. त्या तासात प्रत्येक वळणानंतर पुन्हा शून्यातून वेग घ्यावा लागतो, अडथळ्यांपाशी उतरून सायकल खांद्यावर घेऊन धावावे लागते, आणि टायर जास्तीत जास्त ३३ मिलिमीटर रुंद असल्याने चिखलात तोल सांभाळणे हेच निम्मे काम असते. थोडक्या वेळात पुन्हा पुन्हा जोर लावण्याची ही ताकद फ्लँडर्सच्या दगडी चढांवर जशीच्या तशी कामाला येते. सहाव्या तासाला पायांत काही शिल्लक राहणे मात्र सायक्लोक्रॉस शिकवत नाही. मिलान–सान रेमो जवळजवळ ३०० किलोमीटरची आहे, आणि तिच्या शेवटच्या चढावर जो टिकतो त्याने हिवाळ्यात शर्यतींच्या मधल्या दिवसांत पाच-पाच, सहा-सहा तास शांतपणे सायकल चालवलेली असते. ते तास कोणत्याही निकालपत्रात दिसत नाहीत.

उलट दिशेने पाहिले तर टूरसारखी तीन आठवड्यांची शर्यत दम खोलवर वाढवते, पण धार बोथट करते. क्रॉस-कंट्रीची सुरुवात म्हणजे सरळ जीव तोडून केलेली धाव असते, कारण पुढे वाट अरुंद होते आणि मागे पडलेल्याला ओलांडायला जागा मिळत नाही. शर्यत साधारण ८० ते १०० मिनिटांत संपते आणि तेवढ्यात चढावर पूर्ण जोर, उतारावर पूर्ण एकाग्रता, पुन्हा चढ, असे चक्र चालते. तीन आठवडे घोळक्याच्या लयीत चाललेल्या पायांना ती धार पुन्हा लावायला काही दिवस लागतात, आणि त्याआधी थकवा उतरायला काही दिवस लागतात. ही दोन कामे एकाच वेळी होत नाहीत. थकवा उतरण्याआधी धार लावायला गेले की दोन्ही बिघडतात, आणि तरुण मुलांच्या बाबतीत मी हीच चूक सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.

टोकियो (२०२१) आणि पॅरिस (२०२४) ऑलिंपिकच्या तुलनेबद्दल सांगायचे तर नुसत्या दिवसांच्या हिशेबाने तो फरक उलगडत नाही हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. २०२१ मध्ये दोघेही मे महिन्यात चेकियातल्या नोव्हे मेस्तोच्या माउंटन बाइक विश्वचषक शर्यतीत उतरले होते. पिडकॉक पहिला आला होता आणि व्हान डर पूल दुसरा. म्हणजे डोंगरातली लय दोघांनीही आधी तपासून घेतली होती. त्यानंतर पिडकॉकचे कॉलरबोन सरावात मोडले आणि तरीही जुलैच्या अखेरीस तो सुवर्ण जिंकला, तर व्हान डर पूल एका खडकावरून खाली उतरताना पडला. सरावाच्या दिवशी तिथे लाकडी फळी टेकवलेली होती, शर्यतीत ती काढलेली होती, आणि ती असेलच या समजुतीने तो आला. यावरून त्याचे वेळापत्रकच चुकले असे मी म्हणणार नाही, मी फक्त एवढे सांगेन की एका प्रकारातून दुसऱ्यात घाईने येणाऱ्याचे पाय तयार असले तरी त्या विशिष्ट वाटेचे बारकावे त्याच्या हातून निसटू शकतात. त्या पडण्यानंतर त्याच्या पाठीने त्याला बराच त्रास दिला, पुढचा सायक्लोक्रॉस हंगाम लवकर थांबवावा लागला, आणि तो परतला तो थेट मार्च २०२२ च्या मिलान–सान रेमोला. तिथे तिसरा आला आणि दोन आठवड्यांनी फ्लँडर्स जिंकला. सक्तीच्या विश्रांतीनंतर!

२०२४ मध्येही पिडकॉकने टूरच्या आधी, मे महिन्यात, नोव्हे मेस्तोची शर्यत जिंकून घेतली होती. ऑलिंपिकच्या शर्यतीत पॅरिसजवळच्या एलांकूर टेकडीवर त्याचे चाक पंक्चर झाले, चाक बदलेपर्यंत तो नवव्या क्रमांकावर घसरला आणि सुमारे ४० सेकंद मागे पडला. तिथून त्याने एकेकाला गाठले, आणि शेवटच्या फेरीत एका झाडापाशी वाट दुभंगते तिथे फ्रान्सच्या विक्टोर कोरेत्स्कीच्या दुसऱ्या बाजूने घुसून त्याला मागे टाकले. असा निर्णय घ्यायला क्षणाचाही अवधी नसतो. माझ्या मते टूरने त्याला दम दिला असेल, पण ती वाट दिसण्याची नजर लहानपणापासून चिखलात आणि झाडांमध्ये सायकल चालवल्याने आलेली आहे. म्हणूनच १७ व्या वर्षी तुमच्या मुलीने एक प्रकार सोडून द्यावा या मताचा मी नाही. एका हंगामात दोन्हींना सारखे महत्त्व द्यावे याही मताचा नाही. वर्षातली दोन किंवा तीन ध्येये ठरवा, त्यांच्यापासून मागे मोजत या, आणि बाकीची प्रत्येक शर्यत त्यांतल्या कुठल्या ध्येयाच्या कामी येते हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर ती खोडून टाका.

मागची रांग

वरच्या प्रतिसादात एक गोष्ट राहून गेली, आणि क्रॉस-कंट्री खेळलेला माणूस ती कधी विसरत नाही, म्हणून लिहितो. माउंटन बाइकच्या शर्यतीत कोणत्या रांगेत उभे राहायचे हे त्या प्रकारातल्या गुणांवर ठरते. रस्त्यावर तुम्ही कितीही मोठे असा, डोंगरातले गुण नसतील तर मागे उभे राहावे लागते. टोकियोत पिडकॉकने सुरुवात केली ती चौथ्या रांगेतून. त्यामुळे दोन प्रकारांत खेळणाऱ्याला काही शर्यती जिंकण्यासाठी नव्हे, तर केवळ पुढची रांग मिळवण्यासाठी खेळाव्या लागतात, आणि वेळापत्रक त्यानेच फुगते.

मागून सुरुवात करणे म्हणजे काय ते मी अनेकदा अनुभवले आहे. पिस्तुलाचा आवाज होतो, पेडलमध्ये बूट अडकल्याचे खटाखट आवाज सगळीकडून येतात, आणि पाच सेकंदांत डोळ्यांसमोर फक्त धूळ उरते. पहिली वाट अरुंद होते तिथे पुढचे लोक सायकलवर बसून चढत असतात आणि मागचे आम्ही एक पाय जमिनीवर टेकवून उभे असतो. कोणाची चूक नसते, जागाच नसते. तिथे गेलेले अर्धे मिनिट नंतर भरून काढायला दोन फेऱ्या पूर्ण ताकद लावावी लागते, आणि तेवढी ताकद नेमकी शेवटच्या फेरीत कमी पडते.

दुसरे म्हणजे सायकल बदलल्यावर हात भांबावतात. आठवडाभर रस्त्यावरची सायकल चालवून मी डोंगरात गेलो की पहिला अर्धा तास मी ब्रेक फार लवकर दाबायचो. रस्त्याच्या टायरमध्ये हवा ६०-७० पीएसआय, डोंगराच्या टायरमध्ये २० च्या आसपास. हँडल रुंद, बसण्याचा कोन वेगळा, आणि समोरचा धक्का शॉक-अब्सॉर्बर खाऊन टाकतो म्हणून खालचा दगड केवढा आहे याचा अंदाज उशिरा येतो. पाय एका दिवसात जुळवून घेतात, हातांना आणि डोळ्यांना तीन-चार दिवस लागतात. म्हणून रस्त्यावरचा हंगाम चालू असतानाही आठवड्यातून एकदा तरी, अगदी ४० मिनिटे का होईना, मुलीला डोंगरातल्या सायकलवर बसू द्या. त्या दिवशी जोर लावायचा नाही. फक्त उतार आणि वळणे.

मोकळा श्वास

मी डॉक्टर आहे आणि माझ्याकडे बरेच खेळाडू येतात. तुमचा तिसरा प्रश्न, शरीर किंमत कुठे मोजते हा, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे.

फ्रान्सची सायकलपटू पॉलिन फेराँ-प्रेव्हो हिचे उदाहरण तुमच्या मुलीने नीट पाहावे असे मला मनापासून वाटते. सप्टेंबर २०१४ मध्ये तिने रस्त्यावरचे जागतिक विजेतेपद मिळवले, २०१५ च्या जानेवारीअखेर सायक्लोक्रॉसचे, आणि सप्टेंबर २०१५ च्या सुरुवातीला माउंटन बाइकचे. रस्ता, चिखल आणि डोंगर या तिन्हींची विजेतेपदे काही काळ एकाच वेळी तिच्याकडे होती. असे करणारी ती पहिलीच सायकलपटू. तेव्हा ती २३ वर्षांची होती. पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिकच्या माउंटन बाइक शर्यतीत तिला अर्ध्यातून थांबावे लागले. नंतर निदान झाले की पायाकडे रक्त नेणाऱ्या श्रोणीतल्या धमनीत अडथळा आहे, आणि तिला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. हा विकार सायकलपटूंमध्ये आढळतो, कारण वाकलेल्या स्थितीत मांडी लाखो वेळा वर-खाली होते आणि ती धमनी पुन्हा पुन्हा दुमडते. जोर लावला की पाय जड पडतो, मांडी जळते, शक्ती जाते, आणि थांबल्यावर काही मिनिटांत सगळे ठीक वाटते. म्हणूनच अनेकांना वर्षानुवर्षे "तुझे मन कमी पडते" असे ऐकवले जाते. कोणत्याही मुलाने एकाच पायाबद्दल अशी तक्रार केली तर ती मनाची समजू नये.

नेदरलँड्सच्या मारियान व्होसने २००८ मध्ये ट्रॅकवर आणि २०१२ मध्ये रस्त्यावर ऑलिंपिक सुवर्ण मिळवले, सायक्लोक्रॉसची तर आठ जागतिक विजेतेपदे तिच्या नावावर आहेत. उन्हाळा रस्त्यावर आणि हिवाळा चिखलात, असे ती वर्षानुवर्षे खेळली. २०१५ चा हंगाम मात्र मांडीमागच्या स्नायूची दुखापत आणि अतिसराव यांमुळे तिच्या हातून गेला. अतिसरावाची मोठी पंचाईत अशी की तो एका दिवसात दिसत नाही. आधी झोप उथळ होते, सकाळी उठल्यावर नाडीचे ठोके नेहमीपेक्षा जास्त भरतात, चिडचिड वाढते, आणि सरावात पाय चालतच नाहीत म्हणून खेळाडू आणखी सराव करतो. इथे आईवडिलांची नजर पॉवर मीटरपेक्षा (पायांचा जोर मोजणाऱ्या यंत्रापेक्षा) उपयोगी ठरते. जिना चढताना कठड्याला धरणारी मुलगी सरावाच्या तक्त्यात कितीही ताजीतवानी दिसो, ती थकलेली आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहिते. दोन प्रकारांच्या सरावाला जितकी ऊर्जा लागते तितके अन्न पोटात गेले नाही, तर शरीर प्रजनन, हाडे आणि प्रतिकारशक्ती यांच्या वाट्याची ऊर्जा कापते. पाळी अनियमित होणे किंवा थांबणे ही त्याची ठळक खूण आहे. "खेळाडू मुलींचे असेच असते" असे म्हणून ती सोडून देऊ नये, कारण हाडांची घनता वाढण्याचे वय हेच असते आणि तेव्हा झालेले नुकसान पुढे पूर्ण भरून निघेलच असे नाही. पाळी चुकली तर शर्यत बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटावे.

फेराँ-प्रेव्होची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. ती माउंटन बाइककडे वळली, त्यात अनेक जागतिक विजेतेपदे मिळवली, आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. ते झाल्यावर तिने डोंगर बाजूला ठेवून रस्ता धरला आणि २०२५ मध्ये पॅरिस–रुबे आणि टूर द फ्रान्स या महिलांच्या दोन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या. विशीत तिने जे एका वर्षात कोंबले होते, ते तिशीत तिने एकामागून एक मांडले. समतोल एकाच वर्षात साधायचा असतो हे आपण गृहीत धरतो, पण तो दहा वर्षांवरही पसरता येतो. १७ वर्षांच्या मुलीजवळ तेवढी वर्षे आहेत.

लाकडी धाव

ट्रॅकबद्दल, म्हणजे लाकडी गोलाकार धावपट्टीवरच्या शर्यतींबद्दल, कोणी लिहिले नाही म्हणून थोडेसे लिहितो. रस्ता आणि ट्रॅक ही जोडी रस्ता आणि डोंगर या जोडीपेक्षा पुष्कळ सोपी आहे. फिलिपो गान्ना टोकियोत २८ जुलै २०२१ रोजी रस्त्यावरच्या वैयक्तिक टाइम ट्रायलमध्ये (घड्याळाविरुद्ध एकट्याच्या शर्यतीत) पाचवा आला आणि ४ ऑगस्टला ट्रॅकवरच्या सांघिक परस्यूटमध्ये (चौघांच्या संघांच्या पाठलागाच्या शर्यतीत) इटलीच्या संघाने ३ मिनिटे ४२.०३२ सेकंदांच्या जागतिक विक्रमासह सुवर्ण मिळवले तेव्हा तो त्या संघात होता. पॅरिसला अमेरिकेच्या क्रिस्टन फॉकनरने ४ ऑगस्ट २०२४ रोजी रोड रेसचे सुवर्ण जिंकले आणि ७ ऑगस्टला सांघिक परस्यूटचेही. विशेष म्हणजे रोड रेसमधली ती जागा तिला तिच्याच देशाच्या टेलर निबने सोडल्यामुळे मिळाली होती. निबला ट्रायथलॉनवर लक्ष द्यायचे होते. एकीने "हे मी खेळणार नाही" असे वेळेत ठरवले म्हणून दुसरीला संधी मिळाली.

व्यावसायिकांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. पगार रस्त्यावरचा संघ देतो, ऑलिंपिकला मात्र देशाच्या संघातून जायचे असते, आणि डोंगरातली सायकल कधी तिसऱ्याच कंपनीची असते. म्हणून कोणते आठवडे कोणाचे हे हंगाम सुरू होण्याआधी बोलून घेतात. तुमच्या मुलीच्या दोन्ही प्रशिक्षकांना आधी एकमेकांशी बोलायला लावा. निम्मी अडचण तिथेच सुटेल.

वळणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मी हे सगळे प्रतिसाद तिच्याबरोबर बसून वाचले. फेराँ-प्रेव्होबद्दलचा भाग तिने दोनदा वाचला. पाळीबद्दलही आम्ही मोकळेपणाने बोललो, आणि मी आधी विचारायला हवे होते असे मला वाटले. काळजीचे काही नाही, पण पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवून घेणार आहोत.

दोन्ही प्रशिक्षक आज फोनवर एकमेकांशी बोलले. या हंगामाचे मुख्य ध्येय निवड चाचणी असेल हे तिने स्वतः ठरवले. पण पाच टप्प्यांची शर्यत पूर्ण सोडायला तिचे मन धजावत नाही, कारण संघातल्या मुलींना तिने शब्द दिलेला आहे. चढउतार सर, अशा वेळी ते नऊ दिवस कसे वापरावेत हे सांगाल का?

चढउतार

शब्द दिला असेल तर तिने जरूर जावे, पण संघाच्या व्यवस्थापकांना आजच सांगावे की ती पहिले तीन टप्पे खेळेल आणि चौथ्याला उभी राहणार नाही. आधी सांगितले की संघ त्या हिशेबाने कामे वाटतो. तिसऱ्या संध्याकाळी अचानक सांगितले तर तो सोबत्यांवर अन्याय होतो. त्या तीन दिवसांत तिने स्वतःच्या क्रमांकाचा विचार सोडून संघासाठी झटावे, सोबत्यांच्या पुढे राहून वारा अडवावा, पाण्याच्या बाटल्या आणून द्याव्यात. त्यातून दम मिळेल आणि शेवटच्या चढावर जीव तोडण्याची वेळ येणार नाही. यामुळे नऊ दिवसांचे अकरा होतात, आणि हे दोन दिवसच खरे मोलाचे आहेत.

परतल्यावर पहिले दोन दिवस सायकलला हात लावायचा नाही. झोप आणि भरपूर जेवण, एवढेच. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी डोंगरातल्या सायकलवर तासभर, गप्पा मारता येतील इतक्या वेगाने, म्हणजे हात आणि डोळे जुळवून घेतील. पाचव्या दिवशी सकाळची नाडी नेहमीसारखी असेल आणि जिना चढताना पाय दुखत नसतील तरच सहा-सात वेळा सुरुवातीच्या रेषेवरून २० सेकंदांची पूर्ण ताकदीची धाव घ्यायची, मध्ये मोकळी विश्रांती. पाय दुखत असतील तर हा सराव एक दिवस पुढे ढकलायचा आणि त्याची रुखरुख बाळगायची नाही. सातव्या दिवशी शर्यतीच्या वेगाने एकच फेरी मारायची, आणि त्यानंतर लांब किंवा कठीण असे काही करायचे नाही.

शेवटच्या दोन दिवसांत तिने चाचणीची वाट आधी पायी चालून पाहावी आणि मग सायकलवरून. प्रत्येक उतारावर सायकल नेण्याच्या दोन वाटा ठरवाव्यात, एक वेगाची आणि एक जपून उतरण्याची. आणि चाचणीच्या दिवशी सकाळी, अंग गरम करण्याआधी, सर्वांत अवघड उतारापाशी पुन्हा एकदा चालत जावे आणि आदल्या दिवशी तिथे जे दगड, ज्या फळ्या आणि ज्या पट्ट्या होत्या त्या अजून तशाच आहेत ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावे.